कंपनीला आहेर

आधी चहा संपवा बरं सगळ्यांनी. मी जे सांगणार आहे ना, ते ऐकताना माझ्या जाऊबाईंच्या नाकातून चहा आलाय, म्हणून म्हणते. आणि हसायचं असेल तर शेवटी हसा, मध्येमध्ये नको, माझी लिंक तुटते. गाढवपणा तर सगळेच करतात हो! पण मी केला तो एकटीने नाही, अठरा बायकांना हाताशी धरून केला!

मी हलव्याचे दागिने करते, हे तुम्हाला माहितीच आहे. संक्रांतीला नव्या सुनेला घालतात, बाळाला बोरनहाणात घालतात, तेच. हार, बाजूबंद, नथ, मुकुट, बाळाच्या हातात द्यायची बासरी. खसखशीवर पाकाचा एकेक थेंब सोडायचा आणि गरम परातीत बोटांनी हलवत बसायचं. दोन-दोन दिवस! बोटं भाजतात, कंबर जाते, पण दाण्याला पांढराशुभ्र काटा आला ना, की असं वाटतं, सगळं जग जिंकलं!

पण धंदा किती दिवसांचा? संक्रांतीच्या आधीचे पंधरा दिवस. हे पंधरा दिवस हातचे गेले की वर्ष गेलं. मे महिन्यात साखरेचा मुकुट कोण घालणार, सांगा मला?

माझं दुकान एका ॲपवर आहे. 'मीनाज् हलवा'. आधी कसं झकास होतं! गिऱ्हाईक ॲपवर दागिने बघायचं, मी त्याला माझा क्यूआर कोड पाठवायची, ते पैसे टाकायचं, फोन टिंग वाजायचा. मी फोन कपाळाला लावायची आणि बॉक्स भरायला घ्यायची. मध्ये ना कुणी दलाल, ना कुणी साहेब.

आणि त्या दिवशी, संक्रांत नऊ दिवसांवर, दुपारी मी मुकुटाला सोनेरी टिकल्या लावत बसलेली, आणि ॲपवर सूचना! उद्यापासून म्हणे गिऱ्हाइकाने पैसे ॲपलाच द्यायचे. ॲप ते सांभाळून ठेवणार, पार्सल पोचलं की मग आपल्याला देणार. आणि ज्याने आपलं बँक खातं आज रात्रीपर्यंत जोडलं नाही, त्याचं दुकान बंद!

वाट लागली म्हटलं!

आमचा हलवेवाल्या बायकांचा ग्रुप आहे, 'काटेरी सख्या'. दहिसरपासून मुलुंडपर्यंतच्या एकोणीस जणी. ॲडमिन मी, बोरिवलीची. मला कुणी केलं नाही, मीच झाले. तर त्या ग्रुपवर जो काही हलकल्लोळ माजला म्हणता!

"आमचे पैसे ते कोण सांभाळणारे? मी काय लहान आहे?"

"मी नाही जोडणार खातं. संप!"

"संक्रांतीच्या तोंडावर संप? डोकं ठिकाणावर आहे का गं तुझं?"

हे शेवटचं बोलली ती शोभा. मुलुंडची शोभा म्हणजे माझ्यासारखीच जुनी हलवेवाली. आमचं दोघींचं तोंडावर अगदी गोड, पण मी तिचं दुकान रोज उघडून बघते आणि ती माझं बघते. तिच्या दाण्याला काटा कमीच येतो. आता मी स्वतः कशाला सांगू, पण येतो कमी.

शोभाचं म्हणणं मात्र बरोबर होतं. मग मी लीडरशिप घेतली. लिहिलं, 'सख्यांनो, घाबरू नका. मी आधी प्रोसेस बघते, मग सांगते.' एकोणीस जणींत टेक्निकल डोकं माझंच, असं माझं तेव्हा मत होतं.

पान उघडलं. नाव टाकलं, खाते नंबर टाकला. शेवटी एक कोड आला आणि खाली लिहिलेलं, 'खात्याच्या पडताळणीसाठी या कोडवर १ रुपया पाठवा.'

एक रुपया?

मी दोनदा वाचलं. अहो, तुम्हीच सांगा, एक रुपया कसा पाठवायचा कुणाला? आपण शंभराच्या नोटेवर एक ठेवतो, पाकिटाला चिकटवतो, ते वेगळं. पण नुसता एक? कंपनीशी नवीन व्यवहार सुरू होतोय, वर्षभर आपले पैसे त्यांच्या हातात राहणार, आणि सुरुवातच अशी हात आखडता घेऊन? बरं दिसतं का ते?

आमचे हे पेपर वाचत होते. म्हणाले, "अगं, एक लिहिलंय तर एक पाठव."

"तुम्हाला नाही कळायचं ते. ते लिहायला एक लिहितात. आपण लग्नपत्रिकेत 'कृपया आहेर आणू नये' लिहितो, म्हणून लोक हात हलवत येतात का?"

ह्यांनी पेपर पुन्हा तोंडासमोर धरला. मला वाटलं पटलं त्यांना!

ग्रुपवर टाकलं, 'एक रुपया शोभत नाही. सगळ्यांनी अकरा पाठवा. नोटमध्ये काहीतरी शुभ लिहा.' धडाधड अंगठे आले. 'वा मीनाताई!' 'किती विचार करता हो तुम्ही!' मला इतकं भरून आलं की काय सांगू.

पाचव्या मिनिटाला कल्पनाचा मेसेज, 'मी एकवीस पाठवले. अकरा मला कमी वाटले.'

झालं! आता कल्पनाने एकवीस दिले म्हटल्यावर बाकीच्या काय अकरावर थांबतायत? दहिसरच्या वंदनाने एक्कावन्न टाकले. मग एक्कावन्नची रांगच लागली. ज्यांनी आधी अकरा पाठवले होते त्या हळहळायला लागल्या, 'आता वरचे चाळीस पाठवले तर चालतील का?' मी लिहितेय, 'अगं बायांनो, अकरा ठरलंय आपलं!' पण ऐकतंय कोण? जास्त दिले की कंपनी आपलं दुकान यादीत वर दाखवणार, असा प्रत्येकीचा समज!

आणि मग शोभा. 'मी बाई एकशे एक दिले. वर्षाचा प्रश्न आहे.' पुढे हात जोडलेले.

मी फोन बाजूला ठेवला, पदर खोचला, माझंही काय ते पाठवून टाकलं आणि मुकुटाकडे वळले. लीडर माणसाने शांत राहायला हवं ना.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडते, तर लाल पाटी! 'आपल्या खात्याची पडताळणी झाली नाही. दुकान तात्पुरतं बंद आहे.' ग्रुपवर बघते, तर एकोणीसच्या एकोणीस दुकानं बंद! कुणाचा पार्सलचा कागद छापून येत नाही, कुणाची बोरनहाणाची ऑर्डर अडकली, वंदनाचा तर नुसता रडण्याचा आवाज रेकॉर्ड करून टाकलेला.

हेल्पलाइन लावली. चाळीस मिनिटं बासरी ऐकवली त्यांनी मला! डोक्यात अशी तिडीक गेली! म्हटलं, आमचे पैसे घेतात आणि वर आमचीच दुकानं बंद करतात? थांबा तुम्हाला दाखवतेच. ग्रुपवर लिहिलं, 'चला ऑफिसला. अंधेरी.'

त्यांचं ऑफिस अंधेरी पूर्वेला, मेट्रोच्या पुलाजवळच्या काचेच्या इमारतीत. मुलुंडच्या बायका टॅक्सी करून आल्या, आम्ही मेट्रोने. बारा जणी जमलो. प्रत्येकीच्या हातात आपापल्या दागिन्यांचा बॉक्स, पुरावा म्हणून. वॉचमन म्हणाला, "लग्नाचा हॉल इथे नाही हो बाई." मी म्हटलं, "लग्न नाही, मोर्चा आहे."

आत सावंत म्हणून मॅनेजर होते. पन्नाशीचे, कपाळाला आठ्या, समोर लॅपटॉप. मी टेबलावर बॉक्स आपटला. "काय चालवलंय तुम्ही? मागितलं त्याच्यापेक्षा जास्त दिलंय आम्ही! तरी दुकानं बंद?"

सावंतांनी लॅपटॉप हळूच आमच्याकडे फिरवला.

"तुम्हीच का त्या?" ते म्हणाले. "काल एका तासात एकोणीस दुकानं! अकरा, एकवीस, एक्कावन्न, एकशे एक! आमची सिक्युरिटीची माणसं सकाळपासून डोकं धरून बसलीयत. त्यांना वाटलं, कुठल्या टोळीचे खुणेचे आकडे आहेत. आणि हे मेसेज! 'शुभारंभ'. 'कुलस्वामिनी प्रसन्न'. 'नांदा सौख्यभरे'. हे नांदा सौख्यभरे कुणी लिहिलं?"

कल्पनाने अर्धा हात वर केला. "सवयीने झालं हो."

"अहो, एक रुपया मशीन तपासतं. खातं तुमचंच आहे ना, एवढंच बघायला. मशीन एक रुपया शोधत बसलं आणि तुम्ही आहेर केलात!"

मी काय माघार घेते? म्हटलं, "पण साहेब, नुसता एक रुपया बरा दिसतो का?"

"कुणाला, मॅडम? मशीनला?"

मागून कुणीतरी फिसकन हसलं. शोभाच असणार!

पण माणूस चांगला हो. वंदनाचे डोळे पुसणं चाललेलं, ते बघून विरघळला. म्हणाला, "माझी आई असती तर तिनेही हेच केलं असतं. बसा. मी एकेकीची रक्कम परत करतो, तुम्ही इथेच माझ्यासमोर एक रुपया पाठवा, लगेच दुकान उघडतो. ज्या आल्या नाहीत त्यांना घरून पाठवायला सांगा. फक्त कुणी किती पाठवले होते ते जुळवून बघावं लागेल."

टाळ्या पडल्या! बायकांनी काय गिल्ला केला! वंदनाने तर त्यांच्या हातात तिळाचे लाडूच ठेवले. कल्पना, एकवीस, बरोबर? बरोबर! उघडलं दुकान! वंदना, एक्कावन्न, बरोबर? उघडलं! शोभा, एकशे एक! उघडलं! जिचं दुकान उघडे ती उड्या मारत सुटे. पन्नाशीच्या बायका, अंधेरीच्या काचेच्या ऑफिसात उड्या मारतायत, डोळ्यांसमोर आणा जरा!

मी मात्र भिंतीला टेकून उभी. मी म्हटलं, "साहेब, माझं शेवटी घेतलंत तरी चालेल. मी ॲडमिन आहे."

"घेऊ ना. तुमचं नाव काय म्हणालात? मीना... हं, सापडलं." आणि सावंत थांबले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. "अगो बाय माझे! पाचशे एक?"

सगळ्या बायका लॅपटॉपभोवती गोळा!

माहितीये, माहितीये, तुम्हालाही मी हे सांगितलं नव्हतं! कसं सांगणार? शोभाचे ते एकशे एक आणि जोडलेले हात बघितले आणि माझं डोकंच फिरलं. मुलुंडच्या खाली बोरिवली राहणार? गुपचूप पाचशे एक टाकले आणि वर लिहिलं होतं, 'मीनाकडून, आग्रहाचा आहेर.' तेही सावंतांनी मोठ्याने वाचलं.

"मीने!" शोभा ओरडली. "तू तर आम्हाला अकरा-अकरा करत होतीस गं!"

"हो ना! आम्हाला बजावत होती!"

"वर म्हणे लीडर!"

तोंड लपवायला जागा नव्हती. बॉक्स उघडून तोंडावर मुकुट धरावा असं वाटलं.

पण खरी गंमत पुढेच. सावंत म्हणाले, "मॅडम, दोनशेच्या वरची रक्कम मला इथून सोडवता येत नाही. ती वर हेड ऑफिसला विशेष तपासणीला जाते. दहा दिवस लागतील."

"दहा? साहेब, संक्रांत आठ दिवसांवर आलीय!"

"मी तरी काय करू? बाकी सगळ्यांचं झालं. तुमचं एकटीचं राहिलं."

तेव्हा मात्र मी रडले हो. घरी पलंगाखाली साठ सेट तयार होते, काटा असा की हात लावावासा वाटेल! सगळं वर्ष त्या साठ बॉक्सात होतं आणि ते मी माझ्या मोठेपणापायी बुडवलं होतं. एकशे दोन पाठवले असते तरी शोभाच्या वर राहिले असते, हेही तेव्हाच सुचलं.

कुणीतरी खांद्यावर हात ठेवला. बघते तर शोभा.

"गप गं. रडतेस काय अशी? तुझा सगळा माल माझ्या दुकानावर टाक. मी पाठवते, पैसे आले की तुझे तुला देते."

म्हणजे बघा, जिच्यावर मात करायला मी हे सगळं केलं, तीच बाई मला वाचवत होती! मी तिथेच तिला मिठी मारली. खरंच सांगते, त्या क्षणी मला तिच्या हलव्याचा काटासुद्धा बरा वाटला.

आठ दिवसांत माझे साठच्या साठ सेट गेले! पुणे, नाशिक, बडोदा, एक तर थेट दुबईला! मी बोरिवलीत बसून बॉक्स भरतेय, वर 'शोभाज् संक्रांत स्पेशल'चा कागद चिकटवतेय आणि आमचे हे बाजूला बसून डिंक लावून देतायत. शोभाने माझे सगळे पैसे दिले, एका शब्दाने हिणवलं नाही.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मात्र तिचा फोन आला. हसून हसून बोलता येईना तिला. म्हणाली, "मीने, एका बाईंनी तुझ्या सेटला पाच स्टार दिलेत. काय लिहिलंय ऐकतेस?"

"वाच ना, वाच!" मी उड्याच मारायला लागले. "स्पीकरवर टाकते, ह्यांनाही ऐकू दे!"

शोभाने घसा साफ केला आणि वाचलं, "'शोभाताई, किती सुबक काम! गेल्या वर्षी बोरिवलीच्या मीनाताईंकडून घेतले होते, पण त्यांच्या हलव्याला ही सर नाही.'"