मांजर सांगेल तेव्हा आधण

लग्न होऊन मी लोणावळ्याला आले तेव्हा मला सांगितलं होतं की घरात दोनच माणसं आहेत, नवरा आणि सासू. तिसरीबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. माप ओलांडून आत आले तर ती चुलीच्या वैलाशी उबेला बसलेली. करडी, अंगानं भरलेली, एका कानाला चीर पडलेली. तिनं मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि डोळे मिटून घेतले. मला बघायला आलेल्या मंडळींपुढेसुद्धा मी इतकी अवघडले नव्हते.

तिला नाव नव्हतं. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणे. त्या तिला 'बाय' म्हणत, हे 'सरकार' म्हणत. मी काही दिवस काहीच म्हटलं नाही आणि मग 'भवानी' म्हणू लागले, तेही दात खाऊन.

आमची चाळ रेल्वेची, स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर. त्या काळी मालगाडी घाट उतरायला लागली की डब्याडब्याचे ब्रेक हातानं आवळावे लागत, आणि त्यासाठी गाडीवर माणसं असत. ह्यांचं काम तेच. बोलावणारा माणूस केव्हाही दारात येऊन उभा राही, पहाटे म्हणू नका, भर दुपारी म्हणू नका. हे उठत, कांबळं खांद्यावर टाकत आणि चालू लागत. येणार कधी, हे स्टेशनमास्तरांनाही सांगता येत नसे. मी कार्ल्याकडच्या शेतकऱ्याची मुलगी. आमच्याकडे पुरुष खाचरात गेला तर घरातून दिसायचा, हाक मारली की यायचा. इथे नुसत्या शिट्ट्या. एक शिट्टी झाली की मी दारात, दुसरी झाली की पुन्हा दारात, आणि हातातलं काम जिथल्या तिथे. माझं बूड म्हणून एका जागी टेकत नसे.

त्यात घरचा एक नियम होता. भात ह्यांच्यासाठी ताजा, वाफेचा, ते यायच्या सुमाराला करायचा; आणि ते जेवल्याशिवाय आम्ही दोघींनी जेवायचं नाही. सकाळची भाकरी काय ती पोटात. आता माणूस कधी येणार हेच ठाऊक नसेल तर आधण ठेवायचं कधी? मी न राहवून विचारलं तेव्हा आत्याबाईंनी हातातल्या पळीचं टोक उंबऱ्याकडे केलं.

"बाय सांगती की."

मला वाटलं थट्टा करताहेत. पण संध्याकाळकडे ती मांजरी उठली, पाठ कमानीसारखी ताणली, सावकाश चालत गेली आणि उंबऱ्यावर जाऊन बसली. तोंड स्टेशनाकडे, कान उभे, शेपटी पायांभोवती नीट गुंडाळलेली. आत्याबाई लगेच म्हणाल्या, "आला गं. ठेव आधण." मी आधण ठेवलं. आत्याबाईंनी फळीवरचा डबा काढून तिच्यापुढे सुक्या बोंबलाची दोन डोकी टाकली. बातमी आणल्याचं बक्षीस ते. आणि खरंच, भात मुरतो आहे तोच हे दारात!

मी चकित झाले. नंतर मात्र लक्ष ठेवू लागले आणि माझं डोकं फिरायला लागलं. कारण भवानी बसली की हे येतच असं मुळीच नव्हतं. कधी येत, कधी भाताचा गोळा होईपर्यंत पत्ता नसे. पण आले की आत्याबाई म्हणत, "सांगितलं का न्हाई बायनं?" आणि नाही आले की म्हणत, "गाडी शिग्नलला खोळंबली असंल." म्हणजे खोटं ठरायची सोयच ठेवलेली नव्हती.

शेजारच्या मावशींपाशी मी एकदा कुरकुर केली. त्या धुणं पिळता पिळता म्हणाल्या, "तुजं सासरंबी ह्याच कामावर व्हतं. घाटातच गेलं. त्या दिशी तुज्या सासूनं भात रांधून ठिवला व्हता, त्यो तसाच ऱ्हायला. तवापासनं मानूस येतोय आसं कळल्याबिगर ती चुलीवर तांदूळ चढवत न्हाई."  सासऱ्यांच्या जागीच हे कामाला लागले होते, एवढंच मला माहीत होतं. आत्याबाई ह्या गोष्टीबद्दल चकार शब्द काढत नसत.

आत्याबाईंबद्दल कुरकुर करणं मी सोडलं. मांजरीवरचा माझा राग काही उतरेना. किती नाटकं होती तिच्या अंगात! सकाळी आत्याबाई तिला दूध देत. ते चाटून पुसून झालं की ती ह्यांच्यापुढे रिकामी वाटी नाकानं ढकलत आणायची आणि घशातल्या घशात असा बारीक आवाज काढायची, जशी काही घरात दुष्काळ पडलाय. हे मला म्हणत, "अगं, सरकारला आज उपाशी ठिवलंस व्हय?" आणि पुन्हा दूध. मी एकदा तिच्यावर लाटणं उगारलं. लागलंही नाही. तरी बाईसाहेब पुढचा पाय उचलून लंगडत आत्याबाईंच्या मांडीपाशी. संध्याकाळी मावशींच्या कौलांवर मी तिला चारी पायांवर उड्या मारताना पाहिलं. घरात आली आणि आत्याबाई दिसल्या, की पुन्हा लंगडायला सुरुवात. पाय मात्र ह्या वेळी दुसराच उचललेला. मी ओरडून तो पाय दाखवला. आत्याबाई म्हणाल्या, "दोनी दुखत असतील."

मला दिवस गेले आणि हा प्रकार चेष्टेचा राहिला नाही. भूक म्हणजे कशी? पोटात कुणीतरी हात घालून पिळावं तशी. सकाळची भाकरी केव्हाच जिरलेली असे. चोरून गुळाचा खडा तोंडात टाकावा तर घशाखाली उतरेना. आणि माझं जेवण कुणाच्या मर्जीवर? तर त्या चिरलेल्या कानाच्या भवानीच्या! मला संताप यायचा. रडू यायचं. ह्यांची काळजी एकीकडे आणि भूक दुसरीकडे, आणि दोन्हींत माझी नजर त्या उंबऱ्यावर. बसते का, बसते का. शिट्टी झाली की दाराशी, नाही झाली की मांजरीपाशी. दिवसभर मी त्या दोन खोल्यांत येरझाऱ्या घालत असे.

मग मी तिची परीक्षा घेतली. एके दुपारी आत्याबाई नळावर गेल्या असताना तिला पोटभर दूधभाकरी चारली. संध्याकाळ झाली तरी ती वैलाशी वळकटी करून पडलेली. उंबऱ्याकडे ढुंकून पाहिना. आणि नेमके हे येऊन उभे! चूल थंड, भात नाही. दुसऱ्या दिवशी तिला काहीच मिळू दिलं नाही, तर ऊन कलायच्या आतच बाईसाहेब उंबऱ्यावर हजर, कान उभे करून. हे त्या दिवशी आलेच नाहीत.

मी विजयी मुद्रेनं आत्याबाईंना सगळं सांगितलं. भूक लागली की ही बसते, पोट भरलेलं असलं की बसत नाही. ही आपल्याला खेळवते आहे. तुम्ही आधण ठेवलं की बोंबील मिळतो, हे तिला पक्कं ठाऊक आहे. आत्याबाईंनी कांदा चिरायला घेतला. इतका राग आला मला! त्यांच्या डोक्यात काही शिरतच नाही असं मी धरून चालले.

श्रावणाच्या तोंडाशी पाऊस चार दिवस हटला नव्हता. ह्यांना सकाळीच बोलावून नेलं होतं. दुपारी चाळीत एकच गलका झाला. खंडाळ्याच्या खाली दरड कोसळली, मालगाडीचे डबे घसरले. कुठली गाडी, किती डबे, कुणाला काही ठाऊक नाही. बायका हातातलं टाकून स्टेशनाकडे धावल्या. मीही धावले. मावशींचा मुलगाही गाडीवर होता. त्यांनी चुलीवरचं कालवण तसंच उघडं टाकलं. स्टेशनात कुणी धड उत्तर देईना. तारा तुटल्यात, माणसं खाली पाठवलीत, घरी जा. एवढंच. घरी जा म्हणायला त्यांचं काय जातं? मी फाटकाशी उभी राहिले, भिजले, फलाटाच्या टोकापर्यंत जाऊन आले. शेवटी परतले.

आत्याबाई स्टेशनात आल्याच नव्हत्या. त्या विझलेल्या चुलीपुढे बसल्या होत्या, दाराकडे पाठ करून, आणि समोर वैलाशी मांजरी झोपली होती. मी आत आल्याचं त्यांना कळलं की नाही कोण जाणे.

"उठत न्हाई बग ती," त्या म्हणाल्या. "मघाशी येऊन पडली ती पडलीच."

 त्यांचा आवाज अगदी साधा होता, तांदूळ संपलेत सांगावं तसा. त्यांच्या मनानं निकाल लागला होता. मी मांजरीकडे पाहिलं. मिशांना हळदीचा पिवळा रंग, पोट टम्म. मावशींचं उघडं कालवण कुठे गेलं ते मला तिथल्या तिथे कळलं.

"आत्याबाई, तिनं मावशींचे मासे खाल्लेत! पोट भरलंय म्हणून झोपलीय ती. ह्यांचा आणि तिच्या झोपेचा काही संबंध नाही!" मी ओरडले. दंड धरून हलवलं त्यांना. त्या जागच्या हलल्या नाहीत. ज्या मांजरीला मी वर्षभर खोटारडी ठरवत होते, तिनं आज नुसतं खोटं बोलावं म्हणून माझा जीव तळमळत होता.

मग मी काय केलं ते सांगते. फळीवरचा डबा हळूच काढला आणि बोंबलाचं मोठं डोकं घेतलं. आमच्या उंबऱ्याला बाहेरच्या अंगाला एक खोल भेग होती. त्या भेगेत ते डोकं बोटानं दाबून बसवलं, सहजी निघणार नाही असं. बोटं मांजरीच्या नाकाशी नेली. तिनं एक डोळा उघडला. पोटात तिळाएवढी जागा नसेल, पण हक्क सोडणं तिच्या रक्तात नव्हतं. उठली, ताणली, वासामागं उंबऱ्यावर गेली. पंजा घालून पाहिला, निघेना. मग उंदराच्या बिळावर बसावं तशी बसली. तोंड बाहेर, कान उभे, शेपटी पायांभोवती.

"आत्याबाई," मी म्हटलं, "मागं बघा."

त्यांनी वळून पाहिलं.  मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या, लाकडं सारली, फुंकणी घेतली आणि स्वतःच्या हातानं आधण ठेवलं. मी तांदूळ निवडत बसले.

भात झाला. दिवे लागले. कुणी आलं नाही. चाळीत कुणाच्याच घरी कुणी आलं नव्हतं. मांजरी अजून उंबऱ्यावरच होती आणि मी तिच्यापलीकडच्या अंधारात बघत होते. आत्याबाईंनी ताट घेतलं, भात वाढला, त्यावर तुपाची धार सोडली आणि माझ्यापुढे सरकवलं.

"जेव."

"ते यायच्या आधी?"

"जेव म्हनते न्हवं. पोटातल्यानं काय घोडं मारलंय?"

मी घास घेतला. वाफ निघणारा आंबेमोहोर, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी. आत्याबाई खराट्याची एक काडी घेऊन दाराशी गेल्या. वाकून उंबऱ्याच्या भेगेतून त्यांनी ते बोंबलाचं डोकं उकरून काढलं आणि मांजरीपुढे ठेवलं. माझा हात ताटातच थांबला.

"ती लबाड हाय, ह्ये मला काय ठावं न्हाई?" मांजरीच्या पाठीवरून हात फिरवत त्या म्हणाल्या. "पयल्यापासनं ठावं हाय. ह्याचा बा गेला त्या दिशी समदी मला म्हनत व्हती, धीर धर, धीर धर. येतोय आसं येकजनबी म्हनलं न्हाई. लबाड तर लबाड. येतोय म्हनाया घरात येक तरी जीव पायजे."

मग त्यांनी दुसरं ताट घेतलं आणि माझ्या शेजारी बसून जेवल्या. ह्यांच्या आधी जेवलेलं मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

हे दुसऱ्या दिवशी सकाळी आले, रुळांवरून चालत, चिखलानं माखलेले, डाव्या हाताला फडकं गुंडाळून. घसरली ती गाडी वेगळी; ह्यांची दरडीच्या अलीकडे थांबली होती आणि रात्रभर ते सगळे दगड उपसत होते. मावशींचा मुलगाही मागोमाग आला. मी शेणगोळा टाकून धावले. आत्याबाई आत उरलेल्या भाताला फोडणी देत होत्या. त्यांनी ह्यांच्या तोंडावरून हात फिरवला आणि आधी जेवायला बसवलं. भवानी तेव्हा मावशींच्या घरात होती, गेलेल्या कालवणाबद्दल त्यांची समजूत काढत. मासे कुणी खाल्ले याचा मावशींना तोवर पत्ता नव्हता.

त्यानंतर आत्याबाई रोज दिवेलागणीच्या आधी आधण ठेवू लागल्या, कुणी येवो न येवो. मांजरीनं ती वेळ आठवडाभरात पाठ केली. आधण ठेवायच्या जरा आधी ती उंबऱ्यावर जाऊन बसे, स्टेशनाकडे तोंड करून. आत्याबाई म्हणत, "आला गं." मी ताट वाढून घेई आणि पहिला घास तोंडात घालता घालता शिट्टीकडे कान लावत असे.