मामांना गेलेला फोन

माझ्या बहिणीच्या लग्नाचं आमंत्रण सख्ख्या मामांना यंत्राने दिलं. यंत्र ऑफिसचं होतं, आवाज माझा होता आणि अक्कल कुणाचीच नव्हती.

सावेडीतल्या एका गाड्यांच्या शोरूममधून मी ग्राहकांना फोन करायचो. ते काम एआय करू लागलं आणि आमच्यातली निम्मी माणसं घरी गेली. त्याविरुद्ध मी गेटवर पत्रकं वाटली. (वाटून झाल्यावर आत जाऊन हजेरी लावली.) उरलेल्यांना साहेबांनी सॉफ्ट स्किल्सचं प्रशिक्षण दिलं. यंत्राला जमत नाही ते माणसाने करायचं, म्हणजे हसायचं, मान डोलवायची आणि समोरच्याचं वाक्य त्यालाच परत ऐकवायचं.

लग्नाच्या धावपळीत पाहुण्यांना फोन करायचं काम माझ्याकडे आलं. मी माझा आवाज भरून ते त्याच यंत्राच्या गळ्यात टाकलं! मामाला खरं तर कुंकू-अक्षता घेऊन घरी जाऊन बोलवतात. म्हटलं, आधी फोन, मग बघू.

संध्याकाळी आईने फर्मावलं, "भाऊ येणार नाही म्हणतोय. पुणतांब्याला जा. मामा मागे उभा राहिल्याशिवाय पोरगी बोहल्यावर चढणार नाही."

मामा ओट्यावरच बसले होते. "मामी पडली, पाय मोडला, असं फोनवर सांगितलं. तू काय म्हनला? 'वा, फारच छान. सहकुटुंब या.'"

मला प्रशिक्षण आठवलं. पुढे झुकलो. "मामा, तुम्हाला राग आलाय असं मला जाणवतंय."

"जानवतंय? अर्ध्या गावाला दिसतंय."

"म्हणजे मामी पडल्या, असं तुमचं म्हणणं आहे."

"म्हननं न्हाई. पडली."

आतून मामी म्हणाल्या, "अहो, त्याला चहा तरी इचारा."

"चहा कशाला? त्याला चार्जिंगला लाव."

"आन् माझा पाय कसा हाय, ते त्यानं अजून इचारलं न्हाई."

प्रशिक्षण ओट्यावरच राहिलं. आत जाऊन प्लास्टरमधल्या पायाशी बसलो आणि भडकलोच. "मामी, आधी माणसं काढली, मग उरलेल्यांना माणसासारखं वागायचा क्लास लावला. जे येत होतं तेही गेलं!"

मामा दारात आले. "हां, हा आपला भाचा बोलला. येतो. पन पोरीसाठी, तुझ्यासाठी न्हाई. आन् मंडपाच्या दारात स्वागताला तू उभा ऱ्हायचा न्हाई."

लग्न लागलं. मामा नवरीच्या मागे उभे होते. दारात माझ्या जागी अत्तर शिंपडणारं भाड्याचं यंत्र होतं आणि मी मागे पाण्याच्या टँकरपाशी. जाताना पाहुणे आईला सांगत होते, "बाकी काही असो, स्वागत फार आपुलकीनं झालं."