खोबरेल प्यालेला ब्रेक

"दाब."

स्कूटरच्या मागे उकिडवे बसून, एक डोळा मिटून ते एवढंच म्हणायचे. मी उजव्या हाताचा ब्रेक दाबायचो. "सोड. आता डावा. दाब." मागचा दिवा लागला की त्याचा लाल उजेड त्यांच्या पांढऱ्या दाढीवर पडायचा. मग गुडघ्यावर हात टेकून, "आई गं" म्हणत उठायचे. स्कूटर पास होणार की नाही, ते तेवढ्यात ठरलेलं असायचं.

आखातातल्या सीबच्या जुन्या सूकमागे, म्हणजे बाजारामागे, त्यांचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे एक शटर, एक पत्रा आणि पुढे जुन्या टायरांची चळत. सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे. तुम्ही जिथे कुठे असाल, तिथेही असा एखादा माणूस असेलच. गाडी बिघडल्याशिवाय आपण त्याच्याकडे फिरकत नाही आणि नीट झाली की वळून बघत नाही. मीही तसाच होतो.

मी एका हॉटेलाचं जेवण घरोघर पोचवायचो. आठवीत शाळा सोडलेली. स्कूटर चालवणं सोडलं तर दुसरं काही येत नव्हतं, आणि ती स्कूटरसुद्धा हॉटेलाच्या मालकाची, आमच्या अर्बाबची. दरवर्षी तिची तपासणी व्हायची. पास झाली तर मुल्किया, म्हणजे गाडीचं कार्ड, पुढे चालू. माझ्या पहिल्याच वर्षी ती नापास झाली. अर्बाबने कागद बघितला आणि शांतपणे सांगितलं, "गुरुवारपर्यंत पास नाही, तो तुम घर. खलास." अर्बाब ओरडला असता तर मी कमी घाबरलो असतो.

कागद घेऊन उस्तादांकडे गेलो. त्यावरचं इंग्रजी मला वाचता येत नव्हतं आणि तसं सांगायची लाज वाटत होती. त्यांनी कागद हातातच घेतला नाही. विचारलं, "उसने हाथ किधर लगाया?"

तपासणाऱ्याने कुठे कुठे हात लावला, ते मी दाखवलं. उजवा ब्रेक, मागचा दिवा, आरसा, पुढचं टायर.

"बस. इतनाही है," ते म्हणाले. "इंजन कोई नहीं देखता, बेटा. पीछेवाला आदमी लाल बत्ती देखता है."

पुढे वर्षानुवर्षं पाहिलं, ते खरंच होतं. तपासणीत स्कूटर मोठ्या रोगाने क्वचितच पडायची. धूळ जाऊन ब्रेकच्या दिव्याचं बटण अडकलेलं असायचं. हॉर्न घसा बसल्यासारखा वाजायचा. आरसा ढिला, नंबरप्लेटवरचा दिवा गेलेला, हँडल जरा हलतंय. आणि टायर! नक्षी शाबूत असायची, पण इथल्या उन्हाने रबराला बाजूने बारीक चिरा पडायच्या. त्या चिरांवरून ते अंगठा फिरवायचे आणि "पाय फुटलेत हिचे," म्हणायचे.

बुधवारी त्यांनी बटण साफ केलं, आरसा आवळला, टायर बदललं. तपासणी गुरुवारी सकाळी होती. पुढचा ब्रेक मात्र अजून कुरकुर करत होता. त्याचं त्यांना सांगायचं राहून गेलं आणि माझ्या मनाने घेतलं की याच आवाजामुळे परत नापास होणार. आमच्याकडे दार कुरकुरलं, पाळणा कुरकुरला, की तेल घालतात. माझ्याकडे तेल एकच होतं, डोक्याला लावायचं. आईने पाठवलेली खोबरेलाची बाटली. ब्रेकच्या फटीतून चांगलं निम्मं ओतलं. आवाज गेला! मी निवांत झोपलो.

सकाळी शेवटचं एकदा बघून घ्यावं म्हणून गॅरेजकडे वळलो. ते शटरपाशी चहा पीत उभे होते. ब्रेक दाबला. स्कूटर थांबेचना. डावा दाबेपर्यंत मी टायरांच्या चळतीत घुसलो होतो. एक टायर घरंगळत सूकच्या दिशेने निघालं.

ते धावत आले. आधी मला उठवलं, कोपर बघितलं, मग चाकापाशी वाकले. ब्रेक उघडला आणि नाकापाशी नेला.

"खोबरेल? केरला का है क्या तू?"

"नहीं उस्ताद. रत्नागिरी. गुहागर."

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग एकदम म्हणाले, "मेल्या! मग एवढे दिवस माझ्याशी हिंदी काय फाडतोस?"

ते दापोलीचे निघाले. मला रडू आलं. लागलं होतं म्हणून आलं की मराठी ऐकून, ते आजही सांगता यायचं नाही. "काका, आज पास नाही झाली तर मला घरी पाठवतील," एवढं कसंबसं बोललो.

"गप. ब्रेकला तेल घालतात का कधी? तो घासला तरच थांबतो, बाबा." ब्रेकच्या आत घासणारी पट्टी, ते लायनर, एकदा तेल प्यालं की धुऊन भागत नाही. त्यांनी ते काढलं, दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी आणून ठेवलेलं नवंकोरं बसवलं. मग मागे जाऊन बसले. त्या दिवशी पहिल्यांदा "दबाओ"च्या जागी ते म्हणाले, "दाब."

तपासणीला माझ्या मागे बसून आले आणि फाटकाबाहेर उन्हात उभे राहिले. मी बाहेर आलो तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "कुठे हात लावला त्याने?"

"कुठेच नाही, काका."

"मग चल, चहा पाज."

जुनं लायनर फेकायला मी उचललं तर हातातून काढून घेतलं. पत्र्याखालच्या फळीवर चहाच्या ग्लासाशेजारी ठेवलं. "राहू दे. दुपारचा पत्रा तापला की वास सुटतो. घरात बसल्यासारखं वाटतं." सहा वर्षं गावी गेले नव्हते ते.

पुढची चार वर्षं दर तपासणीआधी मी त्यांच्याकडे जायचो. शेवटच्या वर्षी त्यांना उकिडवं बसवेना. व्हिसा संपत आला होता. एकदा त्यांनी मला स्कूटर उलटी फिरवायला लावली, मागचा दिवा शटरकडे. "मागे माणूस नसला तर असं करायचं. आरशात बघ. दाब." शटरवर लाल ठिपका उमटला. मी म्हटलं, "तुम्ही आहात की." त्यांनी डाव्या ब्रेककडे बोट केलं.

व्हिसा संपून ते गावी गेल्यावर एकदा त्यांचा फोन आला. मी विचारलं, "काय म्हणतंय घर?"

"सगळं झकास आहे रे. पण खोबरेलाचा वास म्हणून येत नाही. नाकाला सवय झाली. ते लायनर आहे का अजून?"

आहे म्हटलं. गॅरेजमधून आणून माझ्या खोलीत खिडकीत ठेवलंय, ऊन येतं तिथे.

गॅरेजच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे, काचेच्या दाराचं. यंदाच्या तपासणीला निघालो तेव्हा सकाळी ते बंदच होतं. स्कूटर उलटी फिरवली, दिवा काचेकडे केला, आरशात बघितलं. उजवा दाबला. काचेत लाल उजेड पडला. सोडला. मग डावा.

उजेड बरोबर त्यांच्या दाढीच्या उंचीवर होता.