गेटवरचा निकाल

“नो शेकिंग, सर!” असं म्हणून तो उजवा हात आडवा धरायचा, तळवा जमिनीकडे, आणि बोटं जरासुद्धा थरथरत नाहीत हे आपल्याला दाखवायचा. सगळं ठीक आहे, डगमगायचं कारण नाही, असा त्याच्या देशात याचा अर्थ. ट्रकने गेटला घासून रंग नेला तरी नो शेकिंग. ऑगस्टच्या भर दुपारी गार्डरूमचा एसी बंद पडला आणि सगळा शर्ट अंगाला चिकटला तरी नो शेकिंग. हात आडवा, बोटं स्थिर, आणि वर हसू.

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या आमच्या पॅकेजिंगच्या कारखान्यात तो गेटवर सिक्युरिटी गार्ड होता, आणि मी ॲडमिन मॅनेजर. म्हणजे गेट माझ्या अखत्यारीत, गेटवरची वही माझ्या अखत्यारीत आणि तोही. नायजेरियाचा. पन्नाशीच्या आसपासचा, उंच, आणि अक्षर असं की आमच्या ऑफिसातल्या चार पदवीधरांनी त्याच्याकडे अक्षर गिरवायला बसावं. तिकडे कधीकाळी तो शाळेत क्लार्क होता, हे मला फार उशिरा कळलं. त्याच्याबद्दलच्या सगळ्याच गोष्टी मला उशिरा कळल्या. आम्ही त्याला नावाने हाक मारत नसू. आपसात बोलताना तो ‘आपला नायजेरियन’. तुमच्याही ऑफिसच्या दारात असा एखादा ‘आपला’ कोणीतरी असेल. त्याचं आडनाव आठवतंय का बघा.

ड्रायव्हरांशी बोलून बोलून त्याला मोडकी हिंदी येत होती, पण आमच्याकडून मराठी त्याने एवढंच उचललं होतं : “जेवला का, सर?” दुपारी दोनच्या पुढे जो दिसेल त्याला हा प्रश्न. मीही रोज “हो हो” म्हणून पुढे जायचो. तू जेवलास का, हे तीन वर्षांत किती वेळा विचारलं ते मोजायला एका हाताची बोटं पुरतील.

महाराष्ट्राच्या विधानसभेचा निकाल होता त्या दिवसाची गोष्ट आधी सांगायला हवी. आम्ही मराठी माणसं ऑफिसात चौघं. सकाळपासून कॉन्फरन्स रूममध्ये मोठ्या स्क्रीनवर मराठी बातम्या लावलेल्या, फोन हातात, कामाच्या नावाने शंख. अकाउंट्समधल्या सावंतने शारजातल्या रोल्लाच्या दुकानातून पेढे आणले होते. कोण जिंकतंय याचा पत्ता नसताना पेढे आधीच आले होते, कारण चौघांपैकी कोणाचा ना कोणाचा पक्ष जिंकणारच होता.

एक पाकीट द्यायला तो वर आला आणि दारातच थांबला. मी त्याच्या हातावर पेढा ठेवला. म्हटलं, “माय स्टेट. टुडे रिझल्ट.”

त्याने स्क्रीनकडे बघितलं. मग म्हणाला, “सर, जो लोग बॉक्स उठाता है, सब घर पहुँच गया?”

सावंत हसला. “अरे हबीबी, हमारे यहाँ मशीन है, मशीन!”

“मशीन भी कोई उठाता है ना, सर,” तो म्हणाला. आम्ही पुन्हा हसलो. त्याने पेढा खाल्ला, बोटं पुसली, आणि खाली गेला.

त्यानंतर काही महिन्यांनी मी एक पत्रक काढलं : शॉप फ्लोअर, लोडिंग बे आणि गेट इथे ड्यूटीवर मोबाईल वापरल्यास कारवाई होईल. खाली माझी सही. ऑफिस स्टाफला अर्थातच ते लागू नव्हतं. ते मी स्वतः लॅमिनेट करून गार्डरूममध्ये लावलं आणि जरा लांबून बघून सरळ लागलंय याची खात्री करून घेतली. असा मी टापटीप माणूस.

मग त्याच्या देशाची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक आली. मतदान शनिवारी झालं. सोमवारी दुपारी दोन वाजता मी गेटवर गेलो, तर वहीच्या आड फोन उभा केलेला, एका कानात वायर. स्क्रीनवर एक माणूस माईकसमोर कागद धरून एकेका भागाचे आकडे वाचत होता. याच्यापुढे एक कागद. त्यावर पट्टीने आखलेल्या चौकटी, डावीकडे एकाखाली एक एकवीस गावांची का तालुक्यांची नावं, आणि समोर तो आकडे भरत होता.

मला बघून उठून उभा राहिला. “सर, फाइव्ह मिनिट. रिझल्ट आ रहा है.”

“कौन जीत रहा है?” मी विचारलं. आवाजात चेष्टा होती, कारण ट्रकचे दोन ड्रायव्हर शेजारी उभे होते.

“मालूम नहीं, सर.”

इतकी नावं, इतके आकडे, आणि म्हणे मालूम नहीं! मला वाटलं, हा मला येडा समजतोय. “युवर स्टेट?”

“नो सर. माय स्टेट संडे को खलास हो गया. ये दूसरा है. एक जगह का नंबर सुनना है, सर. प्लीज.”

स्वतःच्या राज्याचा निकाल लागला तरी हा दुसऱ्याच्या राज्याचे आकडे लिहितोय, म्हणजे राजकारणाचं व्यसनच, असं मी ठरवून टाकलं. विचारलं नाही. विचारायला एक वाक्य पुरलं असतं. मी हात पुढे केला. “रूल सबके लिए रूल है. छह बजे ले जाना.” ड्रायव्हर बघत होते, आणि खरं सांगायचं तर ते बघत होते म्हणूनच.

त्याने फोन माझ्या हातावर ठेवला. वर येऊन मी तो टेबलाच्या ड्रॉवरमध्ये टाकला. मग त्याच्या सिक्युरिटी कंपनीला ईमेल लिहिला : ड्यूटीवर मोबाईल वापरताना आढळला, योग्य ती दखल घ्यावी. तीन ओळी. सवयीचं काम, दोन मिनिटांत झालं.

पावणेचारला ड्रॉवर घरघरायला लागला. पत्र्याचा ड्रॉवर, त्यात फोन. सगळ्या टेबलाला झिणझिण्या. थांबला, पुन्हा सुरू झाला. पाच वेळा तरी. सहाव्या वेळी मी फोनखाली हात पुसायचा नॅपकिन घडी करून ठेवला आणि कामाला लागलो.

चारच्या सुमारास तो कुरिअरचं पाकीट घेऊन वर आला. तसं पाकीट वर आणायची गरज नव्हती, फोन केला की आमचा माणूस खाली जायचा. टेबलापाशी उभा राहिला. ड्रॉवरकडे बघून म्हणाला, “सर, कुछ रिंग हुआ?”

आणि मी म्हणालो, “नहीं. कुछ नहीं बजा. जाओ, गेट खाली है.”

का म्हणालो? हो म्हटलं असतं तर तो फोन मागेल, मग द्यावा लागेल, मग रूलचं काय? एवढंच. याहून मोठं कारण माझ्याकडे तेव्हाही नव्हतं आणि आजही नाही. तो “ओके सर” म्हणून गेला. हात आडवा धरला नाही.

सहा वाजता फोन दिला. त्याने स्क्रीन पाहिली. किती कॉल, किती वाजता, सगळं तिथे लिहिलेलं होतं. त्याने मान वर करून माझ्याकडे एकदाच बघितलं. त्या बघण्यात राग असता तर मला सोपं गेलं असतं. मग तो बाहेर जाऊन जिन्याच्या पायरीवर बसला आणि दोन्ही हातांनी फोन कानाशी धरून त्याच्या भाषेत बोलत राहिला. खाली उतरताना मला त्याच्याजवळून जावंच लागलं.

“डॉटर, सर,” तो उठून म्हणाला. “रीच हो गया.”

“कौन सी डॉटर?” मी विचारलं. त्याला मुलगी आहे हेही मला ठाऊक नव्हतं.

मग कळलं. पदवी झाली की तिकडे मुलांना वर्षभर सरकारी सेवा करावी लागते, तीही घरापासून लांब, परक्या राज्यात. निवडणुकीत मतदान केंद्रावर याच मुलांना बसवतात. त्याची मुलगी अशाच एका आडबाजूच्या केंद्रावर गेली होती. तिकडे गोळीबार झाल्याची बातमी शनिवारी संध्याकाळी आली आणि तेव्हापासून तिचा फोन बंद. मतपेट्या आणि कागद घेऊन माणसं पोचली की त्या भागाचा आकडा वाचला जातो. आकडा वाचला म्हणजे पोरगी पोचली, असा त्याचा हिशोब. म्हणून कोण जिंकतंय हे त्याला खरोखरच मालूम नव्हतं. पावणेचारला ती कुणाच्या तरी फोनवरून बापाला फोन करत होती, आणि मी तिच्या रिंगखाली नॅपकिन ठेवत होतो.

“पहले बोलना था ना,” मी म्हणालो. हे मी म्हणालो! तेव्हाही माफी तोंडातून निघाली नाही.

“नो शेकिंग, सर,” तो म्हणाला. दोन्ही हातांत फोनच धरलेला होता.

अल बर्शाला घरी आल्यावर जेवताना हे बायकोला सांगितलं. खोटं बोललो तेवढं गाळून. ती म्हणाली, “अरे, ताईंच्या वेळचं विसरलास?” माझी ताई भोरजवळ जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. दर निवडणुकीला तिची ड्यूटी लागायची. पेटी तालुक्याला जमा करून ती घरी येईपर्यंत आई स्वयंपाक झाकून ठेवायची आणि जेवायची नाही. ताई दारात दिसली की आईचा पहिला प्रश्न ठरलेला : “जेवलीस का?” हे बघत मी वाढलो. आणि पेट्या उचलणारी माणसं घरी पोचली का, हे विचारणाऱ्याला मी हसलो होतो.

माझी मुलगी ताटातून मान वर न करता म्हणाली, “बट बाबा, डिड यू ईव्हन आस्क हिम?” ती इथेच वाढलीय, तिला ताईच्या पेट्या माहीत नाहीत. तरी तिला ते सुचलं.

त्या आठवड्यात त्याची सुट्टी झाली, आणि दुसऱ्या दिवशी तो कागदी खोका घेऊन वर आला. पेढे. सावंतला दुकान विचारून, बस बदलून रोल्लाला जाऊन आणलेले. चौघांपुढे खोका धरला, पहिल्यांदा माझ्यापुढे. “सर, माय डॉटर का स्टेट. रिझल्ट.”

मी पेढा घेतला. खाल्लाही. त्याच वेळी सगळ्यांसमोर म्हणायला हवं होतं, की फोन वाजला होता, मी खोटं बोललो. फोन मी चारचौघांसमोरच काढून घेतला होता. पण वाटलं, नंतर एकट्याला गाठून नीट सांगू. नंतर म्हणजे उद्या, मग महिनाअखेर संपल्यावर, मग ऑडिट झाल्यावर. तो ईमेल मागे घ्यायचंही असंच राहिलं.

ईमेलने मात्र आपलं काम वेळेवर केलं. एका रविवारी त्याच्या कंपनीने त्याला दुसऱ्या साईटवर हलवलं. कुठे, ते त्यांच्या माणसाने सांगितलं नाही. सोमवारी गेटवर नवा पोरगेला गार्ड. त्याने चटकन उठून सलाम केला. जेवला का, असं कोणी विचारलं नाही.

जुनी वही भरली म्हणून नव्या गार्डने ती वर आणून दिली. पुठ्ठ्याच्या आत तो कागद होता. एकवीस नावं, पट्टीने आखलेल्या चौकटी, ते सुरेख अक्षर. चौदा चौकटींत आकडे आहेत. तिथून खाली सगळं कोरं. अठराव्या नावाभोवती दोनदा गोल केलेला आहे.

ते राहिलेले आकडे इंटरनेटवर सहज मिळाले. पेन घेऊन मी भरायलाही बसलो होतो. पण त्याला जेव्हा ते हवे होते, तेव्हा ते माझ्या ड्रॉवरमध्ये होते. मी पेनाला टोपण लावलं. पत्रक गार्डरूमच्या भिंतीवरून काढलं, त्याच्या जागी चौकोनी डाग राहिलाय. कागद मात्र त्याच ड्रॉवरमध्ये आहे, नॅपकिनवर. रोज पावणेचारच्या सुमारास मी ड्रॉवर उघडतो. काही वाजत नाही.