फडावरच्या बाईचं मत

“उद्या म्हणशील, माझ्या बैलालाबी मताचा कागद पाठवा.”

आण्णा असं म्हणले आन ओसरीवरची सगळी माणसं हसली. निवडणुकीचे साहेब हसले. कॅमेरावाला हसला. दाराशी उभा पोलीस, तोबी हसला. मी आण्णांच्या आईच्या पाठीला हात देऊन उभी होते. हात काढून तिथून निघून जावं वाटलं. पण हात काढला असता तर म्हातारी पडली असती.

लोकसभेची निवडणूक होती. वैशाखाचं ऊन. आण्णा आमच्या गावचे बागायतदार, दोन येळा सरपंच राहिलेले. शिरूर कासार तालुक्यातलं आमचं शिवार कोरडं. ज्याच्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी, त्याचाच शब्द गावात चालतो. दिवाळीपासून पाडव्यापर्यंत मी आन माझा नवरा म्हादेव ऊसतोडीला, उसाच्या फडावर असतो. उन्हाळ्यात गावाकडं आलो की मी आण्णांच्या बंगल्यावर कामाला जायची. झाडलोट, धान्य निवडणं, म्हातारीला आंघोळ घालणं. त्या घरात मला माझ्या नावानं कुणी हाक मारीत न्हाई. म्हादेवची बायको. घाई असली की नुसतं “ए फडवाले.”

त्या दिवशी मला म्हातारीला बसतं करायला बोलवलं होतं. वय लई झालेलं, केंद्रावर जाणं होत न्हाई, म्हणून सरकार तिचं मत घ्यायला घरी आलतं. पाच माणसं, एक गाडी, एक पेटी. पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला. साहेबानं म्हातारीला कागद दिला, पेन दिला, आन मला म्हणला, “बाई, तुम्ही तोंड तिकडं करा. मत गुप्त असतं.” मी तोंड भिंतीकडं केलं. म्हातारीनं खूण केली, कागद पाकिटात, पाकीट पेटीत. तिची सही न्हाई आली तर अंगठा घेतला, तोबी किती अदबीनं.

मला लई नवल वाटलं. एका म्हातारीच्या एका मतासाठी एवढी माणसं उन्हात आली. मनात आलं ते मी बोलले. वाईट काही बोलले न्हाई.

“साहेब, दिवाळीनंतर आमी फडावर असतो. तवा मतदान आलं तर आमालाबी असा कागद येतो का?”

त्यावर आण्णा ते बैलाचं बोलले. आन हसणं सरल्यावर म्हणले, “तुला कशाला तरास? तुमच्या वस्तीचं मत दर येळेला पडतंय. एकबी वाया जाऊ देत न्हाई आपण.”

ह्यावर कुणी हसलं न्हाई. साहेबानं ऐकलं. ऐकल्यावर त्यानं मान खाली घातली आन पेटीला सील लावीत बसला. बैल म्हणल्याचं मला तितकं लागलं न्हाई जितकं त्या माणसाचं मान खाली घालणं लागलं.

घरी येऊन म्हादेवला सांगितलं. तो बाजेवर पडलेला होता, उठलासुद्धा न्हाई.

“मग? आपण तिकडं असतो. वाया जाण्यापरीस पडलं तर बिघडलं काय?”

“आपली मतदानाची कार्डं कुठं हायत?”

“बंगल्यावर. त्यांनीच काढून दिलती, त्यांच्याकडंच ऱ्हातात. तुला कावून पायजे आज?”

मला मागची झेडपीची निवडणूक आठवत होती. तवाबी आमी फडावर होतो. परत आलो तर रेशनच्या दुकानात एक जण म्हणला होता, “तुमच्या वस्तीनं लई जोरात मतदान केलं बरं.” आन मी, सातवी शिकलेली बाई, त्यावर हसले होते. मला बरं वाटलं होतं. आपल्या वस्तीचं कुणी नाव घेतलं म्हणून. आता ते हसणं आठवलं की अंगावर खरूज उठल्यावानी व्हतं. माझी चोरी झाली होती आन मी चोराच्या शाबासकीवर खूश झाले होते.

दुसऱ्या दिवशी मी अंगणवाडीच्या सुलभाताईकडं गेले. मतदार यादीचं काम गावात त्यांच्याकडं असतं. म्हणलं, “ताई, यादीत माझं नाव बगू द्या.” त्यांनी आधी बाहेर बघितलं, मग दार लोटलं. यादी उघडली. माझं नाव होतं. नवऱ्याचं नाव, घर नंबर, वय, सगळं बरोबर. एवढ्या वर्षांत माझं नाव छापलेलं मी पहिल्यांदा बघितलं. पूर्ण नाव. म्हादेवची बायको न्हाई, फडवाली न्हाई. मी त्यावर बोट ठेवून दोन येळा वाचलं.

“कार्ड हातात न्हाई माझ्या,” मी म्हणले.

“यादीत नाव असलं की आधार दाखवूनबी मत देता येतं. आन नवं कार्ड पायजे तर आठ नंबरचा फॉर्म भर.”

“आन ज्यांचं नावच न्हाई त्यांनी?”

“सहा नंबरचा. फोटो, आधार, वयाचा पुरावा. शाळेचा दाखला चालतो.” मग हळूच म्हणल्या, “तुमच्या वस्तीवरच्या सुनांचे फॉर्म कुणी भरलेच न्हाईत. मी एकदा निघाले होते, तर निरोप आला, राहू द्या म्हणून. माझं नाव घेऊ नको गं. माझी नोकरी हाय.”

मी त्यांचं नाव घेतलं न्हाई. इथं लिहिलंय तेबी बदलून.

वस्तीवर तीन नव्या सुना होत्या. एकीचा शाळेचा दाखला पार तलवाड्याहून, तिच्या माहेराहून आणावा लागला. एकीची सासू म्हणाली, “मत देऊन भाकरी मिळती का?” मी म्हणले, “न्हाई मिळत. पण मग आण्णा ते गोळा कावून करतेत?” सासूनं उठून सुनेचं आधार कार्ड काढून दिलं.

फॉर्म घेऊन मी तहसीलला गेले. तिथं निवडणुकीच्या टेबलावर एक साहेब होते, चष्मेवाले, थकलेले. फॉर्म घेतले, पोच दिली. मी तोच प्रश्न पुन्हा इचारला. ह्या येळेला उभं राहून, कुणाच्या पाठीला हात न लावता.

“साहेब, टपालानं मत कुणाला देता येतं?”

त्यांनी सांगितलं. सैनिकाला. निवडणुकीच्या ड्युटीवर असलेल्याला. लई वय झालेल्याला, अपंगाला. आन अशाच काही जरुरी कामावरच्या लोकांना.

“ऊसतोडवाल्याला?”

“त्याची तरतूद न्हाई.”

“कावून?”

ते हसले न्हाईत. म्हणले, “बाई, ते माझ्या हातात न्हाई. तुम्हाला गावातच यावं लागंल.”

“आलो आन मत आधीच कुणी टाकलेलं असलं तर?”

आता त्यांनी चष्मा काढला. “तर परत जायचं न्हाई. केंद्राध्यक्षाला सांगायचं, मला प्रदत्त मत द्यायचंय. ओळख पटली की कागदाची मतपत्रिका द्यावीच लागती तुम्हाला. नियम हाय.” त्यांनी तो शब्द एका चिठ्ठीवर लिहून दिला. प्रदत्त.

शब्द काही केल्या तोंडात बसंना. लोकसभेला आमी गावातच होतो, तवा आधार दाखवून मी माझं मत दिलं. मग दिवाळी झाली, आमी सांगलीकडं फडावर गेलो. ऊस तोडताना मी तो घोकायची. एक कांडं, प्रदत्त. दुसरं कांडं, प्रदत्त. शेजारच्या बायका म्हणायच्या, हिला काय लागीर झालं का काय.

विधानसभेची तारीख जवळ आली. टोळीच्या मुकादमाला म्हणले, मला दोन दिवस गावाकडं जायचंय.

“मयत झालं का कोण?”

“न्हाई. मतदानाला.”

तो हसून हसून खोकायला लागला. म्हादेव मान खाली घालून मोळ्या बांधीत होता. मुकादम त्याला म्हणला, “म्हाद्या, बायकोला आवर बे. कोयता बंद ठेवून ही मत टाकाया चाललीय.” म्हादेव मला म्हणला, “गेलीस तर एकटी जा. मी न्हाई येणार. आण्णाशी वाकडं घ्यायची आपली ऐपत न्हाई.”

मी एकटी गेले. तीन येष्ट्या बदलल्या. शाळेतल्या मतदान केंद्रावर पोचले तवा दुपारचे बारा वाजून गेलते. अंगावर फडावरचंच लुगडं, हाताला उसाच्या पाचटाचे चरे. रांगेत उभी राहिले. बायका बघायल्या, पण कुणी बोललं न्हाई. मला वाटतं, त्यांना ठाऊक होतं.

आत गेले. आधार दाखवलं. पहिल्या साहेबानं यादीत माझा नंबर बघून नाव मोठ्यांदा वाचलं. बाकावर आण्णांचा पुतण्या बसलेला, त्यांच्या बाजूचा एजंट. त्यानं यादीवरनं मानही वर न करता सांगितलं,

“झालंय तिचं. सकाळीच पडलं.”

दुसऱ्या साहेबानं वही उघडली. माझ्या नंबरापुढं अंगठा होता. निळा, पसरलेला, कुणाचा कोण जाणे.

“बाई, तुमचं मत झालेलं आहे. बाजूला व्हा.”

मी डावा हात पुढं केला. “माझं बोट बगा. शाई हाय का?”

साहेबानं बघितलं. शाई नव्हती.

“आन मी अंगठा लावीत न्हाई. मी सही करते.”

पुतण्यानं आता मान वर केली. मला बघून त्याचं तोंड उघडंच राहिलं. मग हसला. “फडावरनं उडत आली काय गं? जा घरी. मागं रांग खोळंबलीय.”

रांगेतला एक जण म्हणला, “जाय की बाई, एका मतानं काय व्हतंय?” मला लई घाम सुटला. खरं सांगते, जावं वाटलं. बाहेर पडावं, लिंबाखाली पाणी प्यावं, आलेल्या वाटंनं परत जावं. आन तो शब्द, एवढा घोकलेला शब्द, आठवंना.

मी तिथंच उभी राहिले. सरकलेच न्हाई. पुतण्या म्हणला, “पोलिसाला बोलवू का?” आन त्याच्या तोंडाकडं बघता बघता तो शब्द आला.

“बोलव. मला प्रदत्त मत द्यायचंय.”

आतल्या टेबलावरचे केंद्राध्यक्ष उठले. तरणे होते, दुसऱ्या तालुक्यातले मास्तर असावेत. पुतण्या त्यांना म्हणला, “सर, सोडा हो, येडी हाय ती.” त्यांनी पुस्तक काढलं, पानं उलटली, घटकाभर वाचलं. मग मला इचारलं, नवऱ्याचं पूर्ण नाव काय. सासऱ्याचं काय. घरात अजून कुणाकुणाचं नाव यादीत हाय. मी सांगत गेले. ते यादीशी ताडत गेले. पुतण्याला इचारलं, “ही बाई ती न्हाई, असं लेखी देता का?” त्यानं हातातला पेन बाकावर ठेवला. खोटं बोलायला तो तयार होता, लिहून द्यायला न्हाई.

मला कागद मिळाला. आडोशामागं जाऊन मी शिक्का मारला. कुणावर मारला ते सांगणार न्हाई. घडी घालून दिला. त्यांनी तो एका वेगळ्या पाकिटात ठेवला, आन एका यादीवर माझी सही घेतली. यादी कोरी होती. पहिलं नाव माझं.

“हे मोजणार कधी?” मी इचारलं.

“ताई, खरं सांगतो. हे मोजत नाहीत. कुणी कोर्टात गेलं आणि कोर्टानं मागितलं, तरच उघडतात.”

“आन त्या अंगठ्याचं मत?”

“ते मशीनमध्ये आहे. ते मोजलं जाईल.”

बाहेर आले. फाटकापाशी आण्णा उभे होते, पांढरेशुभ्र कपडे. कुणीतरी आधीच कळवलं होतं. म्हणले, “लई शिकलीस.”

“व्हय,” म्हणले आन निघाले. मागं वळून बघितलं न्हाई. धाडस म्हणून न्हाई. डोळ्याला पाणी आलं होतं, ते त्यांना दिसू द्यायचं नव्हतं.

त्यानंतर बंगल्यावरचं काम गेलं. म्हातारीला आता दुसरीच बाई बसती करती. उन्हाळ्यात आमच्या वस्तीला टँकर दोन दिवस उशिरा येतो, आन बायका माझ्याकडं बघून हंडे आपटतात. म्हादेव लई दिवस बोलत नव्हता. आता बोलतो, पण कामापुरतं. अंगठा कुणी लावला ते अजून कळलं न्हाई. कदाचित रोज माझ्यासंगं पाणी भरणारीच कुणीतरी असंल.

मतदानानंतर फडावर परत आले तवा आमच्याच टोळीतल्या त्या तिन्ही सुना माझ्याभवती बसल्या. थोरली म्हणाली, “वहिनी, दिलं का मत?”

खोटं बोलावंसं वाटलं. न्हाई बोलले. सगळं सांगितलं, पाकिटासकट.

“मग उपेग काय झाला? मोजणारच न्हाईत तर?”

मी एवढंच म्हणले, “ते मोजत न्हाईत. पण आता त्यांना माझं पाकीट जपून ठेवावं लागंल.”

पुढचं मतदान आलं की मी जाणार. त्या तिघी येतो म्हणल्यात. दोघीच आल्या तरी जाणार, कुणीच आलं न्हाई तर एकटी जाणार. फडावर मताचा कागद पाठवा म्हणून दर साली तहसीलला अर्ज देणार, आन पोच घेतल्याबिगर खुर्चीपासनं हालणार न्हाई. आन गावात जाऊन बघितलं की परत कुणाचा अंगठा लागलाय, तर परत तेच पाकीट मागणार. येडी म्हणा. बैल म्हणा. माझ्याजागी माझ्या नावाची दुसरी बाई उभी करायची असंल, तर आता ती माझ्या तोंडासमोर उभी करावी लागंल.