सालीनं भरलेलं सूप

चौथीपर्यंतच शिकले, त्यामुळे अक्षर किरटं आहे आणि शुद्धलेखनाचंही खरं नाही. पण हे वाचणार मीच. आज आयुर्वेदाच्या दुकानात अर्जुनसालीचा तुरट वास आला आणि अकोले तालुक्यातलं घर आठवलं. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी आमचे मालक नगरला नोकरीला होते, घरी मी आणि सासरे. त्यांच्या हृदयाच्या शिरा म्हाताऱ्या झाल्यात, असं डॉक्टर म्हणाले. वैदूनं सांगितलं, "अर्जुनाची साल दुधात उकळून द्या. पर एकाच बाजूची, तळहाताएवढीच काढा." सासरे गेले तर या घरात मी एकटीच उरेन, या भीतीनं ओढ्याकाठचं झाड मी चहूबाजूंनी सोललं. भरलेलं सूप पाहून ते म्हणाले, "पोरी, झाडाच्या शिरा बी सालीतच असत्यात. मारलंस की गं त्याला!" धापा टाकत जाऊन त्यांनी खोडाला शेणमाती लिंपली, तरी झाड वाळलं. सासरे पुढं सहा वर्षं जगले. काढा रोज घेत, पण त्या दिवसापासून माझ्या हातून नाही; मी पेला उंबऱ्यावर ठेवून आत गेले की मगच उचलत. आता डॉक्टर माझ्याही शिरांबद्दल तेच सांगतात. दुकानदारानं विचारलं, "आजी, किती देऊ?" मी नुसता तळहात पुढं केला.