काळ्या मनुका

इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सहून कोच ट्रिपने फ्रान्समधल्या एका छोट्या गावचा बाजार बघायला गेलो होतो. शेजारच्या सीटवर सत्तरीची एक बाई होती. करडा कोट, ड्रायव्हरशी अस्खलित इंग्लिश. ती माझ्या बॅगेकडे सारखी बघत होती, म्हणून टॉयलेटला जातानासुद्धा मी बॅग बरोबर नेली.

बाजारात सगळे चीज आणि वाइनवर तुटून पडले. ही मात्र प्रत्येक ग्लास नाकाशी न्यायची, मान हलवायची आणि न पिताच परत ठेवायची. शेवटी विकत काय घेतलं, तर किलोभर काळ्या मनुका.

परतताना बसमध्ये मी बायकोला फोनवर बिनधास्त मराठीत म्हणालो, "शेजारच्या म्हातारीचं लक्षण काही ठीक दिसत नाही. वाइनच्या गावात येऊन मनुका घेते."

मी फोन ठेवला, तशी ती शांतपणे म्हणाली, "आम्ही बेने इस्रायल, मराठी ज्यू, मूळचे अलिबागकडचे. मनुका भिजवून शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथच्या प्रार्थनेचं शरबत करते मी, आई करायची तसं. आमच्यात वाइन ज्यूंच्याच हातची लागते, ही कुणाच्या हातची, काय ठाऊक?"

मी कसंबसं "सॉरी आजी" म्हणालो. तिने मूठभर मनुका माझ्या हातावर ठेवल्या.

"खा. आणि बॅगेच्या मागच्या खिशाची चेन लाव, पासपोर्ट पडेल. सकाळीच सांगणार होते, तर तू बॅग घेऊन उठलास."

पुढे हायवेवरच्या सर्व्हिसेसला बस थांबली. टॉयलेटला जायला ती उठली, माझ्याकडे एकदा बघितलं आणि सीटवरची पर्स उचलून बरोबर घेऊन गेली.